गोपनीयतेची शपथ नक्की घेतं कोण?

चतुर्थीत गोव्यात फोंड्याला घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधताना काकांनी ऐकवलंच, "आमदार काय सांगणार? त्यानं गोपनीयतेची शपथ घेतलीय!" हा समज गावोगाव आहे, आणि तो चूक आहे.

आमदार शपथ घेतो ती संविधानाशी निष्ठेची. तीत गोपनीयतेचा शब्दही नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोपनीयतेची वेगळी शपथ आहे आणि ती मंत्र्यांसाठी. म्हणून तर मंत्र्यांच्या बातमीत 'पद आणि गोपनीयतेची' असं जोडीनं येतं. त्या दोन शपथा असतात. गोवा विधानसभेत आमदारांच्या जागा 40, मुख्यमंत्र्यांसह मंत्री जास्तीत जास्त 12. म्हणजे उरलेल्या आमदारांना नुसत्या आमदारकीच्या शपथेवर हे कारण पुढे करताच येत नाही.

मंत्र्यांचं तोंड तरी शिवलेलं असतं का? तसंही नाही. मंत्री म्हणून समोर आलेली किंवा कळलेली बाब कुणाला सांगायची नाही, पण कर्तव्य बजावायला गरज असेल तर सांगायची, ही सवलत शपथेतच आहे. मंत्रिमंडळाचे कागदही कायमचे कुलपात नसतात. 2005च्या माहिती अधिकार कायद्यानुसार निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्यामागची कारणं आणि आधार खुले करायचे असतात. कायद्यातले इतर अपवाद तेवढे वगळून.

मुळात गोपनीय म्हणजे जपून ठेवण्याजोगं. लपवण्याजोगं हाही अर्थ त्यात आहेच. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग तो बोलत का नाही?"