पद्मिनीचा कोणता पार्ट कुठून घ्यावा?

(फियाट ११००, डुक्कर फियाट (पहिल्या ११०० चं लोकांनी ठेवलेलं नाव) आणि प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे कामाला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

पार्टांची यादी हातात पडली की बहुतेक ग्राहक विचारतात, "हेच पुण्यात नाना पेठेतल्या पार्टांच्या दुकानात निम्म्या भावात मिळतं, मग फियाटचंच काम करणाऱ्याकडून कशाला मागवता?" प्रश्न रास्त आहे, कारण पैसे तुमचे आहेत. पण उत्तर प्रत्येक पार्टाला वेगळं आहे, म्हणून ते लिहूनच देत आहोत.

आधी बाजार का बदलला ते बघा. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११००डी निघू लागली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं आणि २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. त्यानंतरही पार्टांचा तुटवडा जाणवला नाही, कारण मुंबईत काळी-पिवळी धावत होती. टॅक्सीवाल्याला पार्ट आजच्या आज हवा असे, आणि त्याच्या जिवावर लहान कारखाने चालत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता मागणी हौशी मालकांचीच उरली आहे. दुकानात दिसतो तो माल एकतर टॅक्सीच्या काळातला पडून राहिलेला, नाहीतर कोणीतरी पन्नास-शंभर नगांची बॅच काढून बनवलेला.

ज्या पार्टावर नंबर कोरलेला आहे, तो खुशाल चालू बाजारातून घ्या. बेअरिंगचं माप जगभर एकच असतं. जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर पुसून वाचा, तोच नंबर चांगल्या कंपनीचा मागा, बिल घ्या. फॅन बेल्ट, स्पार्क प्लग, बल्ब, ऑइल सील यांचंही तसंच. फियाटचा म्हणून खास डबीत घालून तेच बेअरिंग तिप्पट भावाने विकणारेही आहेत, तिथे पैसे घालवू नका. आम्ही असं बेअरिंग लावलं तर डबी आणि नंबर दोन्ही तुम्हाला दाखवतो.

रबराची गोष्ट मात्र वेगळी. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, काचेचं आणि दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) हे आकाराने फक्त याच गाडीचे. साधं माउंटिंग दिसायला हुबेहूब असतं, पण अंगठ्याने दाबून बघा. काही दगडासारखं कडक लागतं, मग इंजिनाची थरथर थेट स्टिअरिंगवर येते. काही इतकं मऊ की दोन-तीन महिन्यांत इंजिन खाली बसतं आणि स्टिअरिंग कॉलमवरचा गिअर अडायला लागतो. ग्राहक म्हणतो गिअरबॉक्स गेला. प्रत्यक्षात बिघाड असतो एका माउंटिंगमध्ये. दाराचं बीडिंग दोन मिलिमीटर जाड निघालं तर दार आपटल्याशिवाय लागत नाही, आणि आपटून आपटून बिजागरं जातात. इथे खास विक्रेत्याला जास्त पैसे द्यायची आमची शिफारस आहे.

ब्रेकच्या किटबाबत, म्हणजे ब्रेकच्या आतल्या रबरी भागांच्या संचाबाबत, आम्ही तडजोड करत नाही. गेल्या पावसाळ्यात एक ग्राहक स्वतः आणलेलं स्वस्त किट घेऊन आले आणि त्यांच्या आग्रहाखातर आम्ही ते बसवलं. ही आमची चूक. तीन आठवड्यांनी गाडी परत आली: पेडल घट्ट, चारही ड्रम हात लावू नये इतके गरम. मास्टर सिलिंडर उघडला तर आतला रबरी कप फुगून मऊ पडला होता. त्या रबराला ब्रेक ऑइल सोसत नव्हतं. कप फुगला की सिलिंडरमधलं बारीक भोक झाकलं जातं, ऑइल टाकीकडे परत जात नाही आणि पाय काढला तरी ब्रेक सुटत नाहीत. ते किट आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिलं. तेव्हापासून ब्रेकचं किट आम्हीच आणतो, ग्राहकाने आणलेलं लावत नाही. याचा राग मानू नये.

पेट्रोलच्या पाइपासाठी फियाटवाल्याकडे जायची गरज नाही, पण पाइप नवाच हवा. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्याने सुटायला लागतं. पाइपावर आर९ (R9, इथेनॉल सोसणाऱ्या पाइपाची खूण) छापलेलं बघून घ्या. मीटरमागे थोडेच पैसे जास्त पडतात. कार्बोरेटर इंजिनला लागूनच असतो, तिथे पेट्रोल झिरपणं म्हणजे आगीशी खेळ.

"सीलबंद जुना स्टॉक आहे, ओरिजिनल" असं कोणी सांगितलं तर आधी विचारा: धातू की रबर? किंगपिन, गिअर, डायनॅमोचे भाग असतील तर घ्या, आणि जपून ठेवा. रबर असेल तर सोडून द्या. डबी उघडली नसली तरी पंचवीस वर्षांत रबर आपोआप कडक होतं. हेड गॅस्केटचंही नीट बघून ठरवावं लागतं. आपल्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही वेगवेगळे प्रसरण पावतात आणि मधलं गॅस्केट घासलं जातं. म्हणून जुनं, वाळलेलं किंवा भोकं न जुळणारं गॅस्केट आम्ही लावत नाही, कितीही स्वस्त असो.

बंपर, ग्रिल, हबकॅप यांसाठी पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अजून पालथा घालण्यासारखा आहे. वाकलेला पण मूळचा बंपर सरळ करून नवं क्रोम चढवलं, तर ते नव्या पातळ पत्र्याच्या बंपरपेक्षा सरस दिसतं आणि टिकतं.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीची २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. म्हणजे १९७४-७५ ची पहिली पद्मिनी आता त्या दारात उभी आहे. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देण्याची सूचना कोणी केली, तर होकार देण्याआधी हे लक्षात घ्या.

आमच्या एस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टापुढे 'चालू', 'खास' किंवा 'जुना दुरुस्त' असं लिहिलेलं असतं. पटलं नाही तर काम सुरू होण्याआधी विचारा. काढलेले सगळे जुने पार्ट पिशवीत घालून परत देतो, ते भंगारात टाकू नका. पुढच्या वेळी माप घ्यायला तेच लागतात.