ताणलेला वायररोप ओलांडू नका

बोरघाटात मी एकदा बघितलं, कडेला घसरलेला टेम्पो विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) वर ओढत होते, वायररोप म्हणजे त्याचा पोलादी तारांचा दोर सतारीच्या तारेसारखा ताणलेला आणि हेल्पर, विशीतला पोरगा असेल, हातात चहाचे ग्लास घेऊन त्याच्यावरून टांग टाकून गेला. माझ्या पोटात गोळाच आला.

कारण ताणलेला रोप म्हणजे स्प्रिंगच असते, फक्त तशी दिसत नाही. समजा 20 मीटर रोपवर 4 टनांचा ताण आहे आणि तो 1 टक्का, म्हणजे 20 सेंटिमीटर लांबलाय, तर त्यात साधारण 4000 ज्यूल एनर्जी साठते, 50 किलोची सिमेंटची गोणी आठ मीटरवरून पडली तर जेवढी असेल तेवढी. गोणी निदान पडताना दिसते तरी. इथे हूक निसटला की ती सगळी एनर्जी हलक्याशा टोकात उतरते आणि ते टोक एवढ्या वेगात येतं की मान वळवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून ताण असताना रोपच्या रेषेत उभं राहायचं नाही, ओलांडायचं तर अजिबातच नाही, आणि मधोमध जाड गोधडी नाहीतर ओलं गोणपाट टाकायचं, तुटलाच तर ते वजन रोपला खाली दाबतं. पुली लावून रोप वळवला असेल तर त्या कोनाच्या आत उभं राहणं सगळ्यात वाईट, पुली सुटली की रोप तिकडेच झेपावतो.

गाडी उचलायच्या पट्ट्यांचंही तसंच. दोन पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मं वजन, पण ते फाकून मधला कोन 120 अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण वजन! 2 टनांची गाडी असेल तर एकेका पट्ट्यावर 2 टन, आणि पट्टा तर तोच.

आणि मागून येणारं ट्रॅफिक. ताशी 100 च्या स्पीडला कार सेकंदाला 28 मीटर जाते, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला तर तिथेच 42 मीटर संपले, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून 55 च्या आसपास, पावसात त्याहून जास्त, ट्रकला तर विचारूच नका. मग गाडीच्या मागे दहा फुटांवर लाल त्रिकोण ठेवून काय उपयोग, तो शंभर मीटर तरी मागे हवा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. विंचचे कंट्रोल दोन्ही बाजूंना असतील तर ट्रॅफिकच्या उलट बाजूचेच वापरायचे, आणि ज्यांची गाडी आहे त्यांनी तोवर गाडीत न बसता बॅरियरपलीकडे थांबायचं, अर्थात रोपपासून लांब.