हवामार्ग, टर्बाइनचलित प्रतिकृती जेटमधील

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानातील लघु वायू टर्बाइनला हवा पुरवणारी, इंजिनाभोवतीचा भाग थंड राखणारी व तप्त झोत शेपटीबाहेर नेणारी नलिकारचना. पुढचा अंतर्ग्रहण मार्ग, इंजिनाभोवतीची मोकळी जागा वा बायपास कवच आणि मागची थ्रस्ट ट्यूब (झोत बाहेर नेणारी नळी) हे तिचे मुख्य भाग. पाठीवर उघडे इंजिन बसवलेल्या मॉडेलला यांतले काहीच लागत नाही.

टर्बाइनवरचे पहिले प्रतिकृती-उड्डाण म्हणून सामान्यतः 1983 मधील एक ब्रिटिश उड्डाण मानले जाते. जेरी जॅकमन व सहकाऱ्यांचे ते इंजिन प्रोपेन वायूवर चाले. घरच्या कार्यशाळेत बनवता येईल असे इंजिन ही कसोटी लावल्यास मान जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांच्याकडे, सु. 1990 कडे जातो. त्यांच्या संपीडकाचे (हवा दाबणाऱ्या भागाचे) चक्र प्लायवूडचे असून त्याला कार्बन तंतूंचे बळकटीकरण होते. हवामार्गांच्या दृष्टीने दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा, कारण टर्बाइन प्रथम डक्टेड फॅनसाठी (नळीत बसवलेल्या पंख्यासाठी) आखलेल्या सांगाड्यांत शिरली. पंख्याला अफाट हवा लागे. प्रतिकृतीची प्रमाणबद्ध नाकपुडी (अंतर्ग्रहणाचे तोंड) अपुरी पडे आणि पोटाखाली चोरछिद्रे, म्हणजे हवेसाठी जादा भोके, पाडावी लागत. टर्बाइनची भूक त्यामानाने बेताची. 66 मिमी संपीडकाच्या केजे-66 या लघु टर्बाइनच्या वर्गातील इंजिन सेकंदाला सु. 0.23 किग्रॅ. हवा घेते. म्हणजे 50 चौ. सेंमी. छेदाच्या मार्गातून ती ताशी 140 किमी.च्या आसपास वाहते, आणि उडत्या जेटला हा वेग जड नाही. अडचण असते ती जमिनीवर, स्थिर उभे राहून पूर्ण थ्रॉटल देताना.

खरा वाद थ्रस्ट ट्यूबबद्दल आहे. इंजिनाचे नोझल (झोत बाहेर पडण्याचे तोंड) नळीत घट्ट बसवत नाहीत. नोझल व नळीचे घंटाकृती तोंड यांमध्ये बहुधा 15 ते 30 मिमी. अंतर सोडतात. वेगवान झोत त्या फटीतून भोवतालची हवा ओढतो (इजेक्टर परिणाम) आणि गार हवेचे अस्तर नळीच्या भिंतीलगत वाहते. या ओढलेल्या हवेने रेटा (थ्रस्ट) वाढतो, असे एक मत आहे. त्याला सैद्धांतिक आधार आहे. वायुगतिकीतज्ज्ञ फोन कार्मान यांनी 1949 मध्ये अशा रेटावृद्धीचे विवेचन केले होते. मात्र तो लाभ स्थिर अवस्थेत, चांगले मिश्रण झाल्यास मिळतो व उड्डाणवेग वाढेल तसा घटतो. प्रतिकृतीतील नळी लांब व अरुंद असल्याने भिंतीचे घर्षण त्यातले बरेच खाऊन टाकते. म्हणून थ्रस्ट ट्यूब शीतनासाठी, रेट्यासाठी नव्हे, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

फटीचे माप चुकले की दोष लगेच दिसतो. अंतर फार झाले किंवा घंटेचे तोंड लहान पडले, तर झोताची कड बाहेर सांडते, तप्त वायू धडात फिरून पुन्हा संपीडकात जातो आणि निष्कास (बाहेर पडणाऱ्या वायूचे) तापमान चढते. ते एरवीच 500 ते 700° से. असते. उलट धडात हवा यायला वाटच कमी ठेवली, तर आत दाब उतरतो आणि पूर्ण थ्रॉटलला वरचे झाकण डोळ्यांदेखत आत खचते.

बायपास पद्धतीत इंजिन पूर्ण कवचात असते. अंतर्ग्रहण नलिकेतील काही हवा संपीडकात, उरलेली इंजिनाभोवतून थेट थ्रस्ट ट्यूबमध्ये जाते. वजन वाढते, देखभाल किचकट होते. तरीही सुरू करताना साचलेल्या केरोसीनने पेट घेतला, तर ज्वाळा कवचातच राहते आणि वायरिंग वाचते. खुल्या पद्धतीत धडच हवेची कोठी बनते. तेथे सुटा स्क्रू वा वायरचा तुकडा संपीडकात जाऊ नये म्हणून जाळी अनिवार्य समजावी.

मिग-15 सारख्या मॉडेलमध्ये वजन तोलण्यासाठी इंजिन मध्यभागी येते, त्यामुळे नळी लांबते. ती बहुधा दुहेरी असते: आत पातळ स्टेनलेस स्टील, बाहेर ॲल्युमिनियम. सी हॉक या नौदल लढाऊ विमानासारख्या मॉडेलची, दोन बाजूंना दुभंगलेली नळी रेट्याचा काही भाग गमावते.

उतरल्यावर मॉडेलचे नाक वाऱ्याकडे ठेवतात. इंजिन बंद झाल्यावर स्टार्टर मोटर संपीडक फिरवत राहते व तापमान सु. 100° से.खाली आल्यावर थांबते. शेपटीतून वारा शिरला, तर तीच उष्णता नळीतून उलटी धडात येते.