‘नीट’ हुकली म्हणजे मानवी ऊतींच्या संशोधनाची दारं बंद?

लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालानंतर एक मेसेज हमखास फिरतो: ‘कृत्रिम त्वचा, कूर्चा बनवणारे शास्त्रज्ञ एमबीबीएसच असतात, नीट गेली की विषय संपला.’

तसं नाही. पेशंटवर उपचार करायला वैद्यकीय पदवी लागतेच, ती अट खरी. पण प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्वचा, कूर्चा अशा ऊती बनवण्याचं काम, म्हणजे टिश्यू इंजिनिअरिंग, वेगळं आहे. दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो तसा पेशींना वाढायला आधार-सांगाडा लागतो. तो कशाचा करायचा, किती दिवसांत विरघळायला हवा, हे प्रश्न रसायन आणि पॉलिमरचे आहेत. १९९३ साली या क्षेत्राची चौकट मांडणारा जो गाजलेला लेख आला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक सर्जन होता, दुसरा केमिकल इंजिनिअर!

रस्ता साधारण असा: बी.एस्सी., बी.फार्म. किंवा बी.टेक., मग पदव्युत्तर पदवी, मग पीएच.डी. वेळ भरपूर लागतो, हे घरच्यांना आधीच सांगावं. मात्र केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात.

अकरावीत गणित सोडण्याआधी मात्र थांबा. इंजिनिअरिंगच्या बऱ्याच शाखांना ते लागतं. बी.एस्सी.च्या बऱ्याच विषयांना अडत नाही.

पडताळायचं असेल तर बायोमेडिकल किंवा बायोइंजिनिअरिंग विभागाची पीएच.डी. प्रवेशाची कोणतीही जाहिरात उघडा आणि पात्रतेचा रकाना वाचा. एमबीबीएस तिथे असलीच तर इतर पदव्यांच्या रांगेत दिसेल.