घोकणारी स्मृती, कोरलेली स्मृती

संगणकावर लिहिता लिहिता वीज जाते आणि सेव्ह न केलेली चार पानं उडतात. आधी सेव्ह केलेलं सगळं मात्र जागच्या जागी असतं. एकाच यंत्रातल्या या दोन स्मृतींपैकी एक, म्हणजे रॅम, घोकून लक्षात ठेवते; दुसरी, म्हणजे डिस्क, कोरून ठेवते.

घोकणं हा शब्द इथे नुसता उपमेपुरता नाही. १९४९ साली केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाने एडसॅक हा संगणक चालू केला. त्याची स्मृती होती पाऱ्याने भरलेल्या, सुमारे दीड मीटर लांबीच्या नळ्यांमध्ये. एका टोकाचा क्वार्ट्झ स्फटिक विजेच्या स्पंदांचा ध्वनी करी. तो ध्वनी पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागे. तिथे ऐकू आलेलं नीटनेटकं करून पुन्हा पहिल्या टोकाला पाठवायचं, की ये रे माझ्या मागल्या! म्हणजे माहिती कुठे ‘ठेवलेली’ नसेच, ती कायम वाटेवर असे. हवा तो आकडा नळीच्या टोकाशी येईपर्यंत संगणक ताटकळत राही. पाऱ्याऐवजी जिन हे मद्य चालेल, असं गणिती ॲलन ट्युरिंग यांनी सुचवलं होतं. त्यातलं पाणी आणि अल्कोहोलचं प्रमाण या कामाला सोयीचं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

मग आल्या चुंबकीय कड्या, म्हणजेच कोअर मेमरी. मण्यांपेक्षाही बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवायच्या. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर ०, उलट दिशेला असेल तर १. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ साली ही स्मृती बसली. वीज गेली तरी ती विसरत नसे. गंमत अशी, की वाचताना मात्र हमखास विसरे, म्हणून वाचलेलं लगेच परत लिहावं लागे. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांमध्ये याच कुळातली ‘रोप मेमरी’ होती. तार कडीतून नेली तर १, बाहेरून नेली तर ०. कारखान्यातल्या स्त्रियांनी सगळा प्रोग्रॅम अक्षरशः हाताने विणला होता. संगणकाच्या इतिहासात मला यापेक्षा देखणी वस्तू ठाऊक नाही.

आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचलं, की एका बिटसाठी, म्हणजे एका ० किंवा १ साठी, एक ट्रान्झिस्टर (विजेचा चिमुकला स्विच) आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर पुरे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. यालाच आपण डीरॅम म्हणतो, आजच्या संगणकातली नेहमीची रॅम ती हीच. हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागर. म्हणून प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरावा लागतो, साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी. तुम्ही हे वाचताय तेवढ्यातही तुमच्या यंत्रात ही उजळणी सेकंदाला पंधरा-सोळा वेळा होते आहे. पाऱ्याच्या नळीचीच सवय, फक्त आवाज बंद झाला! उजळणी न लागणारी एसरॅम नावाची रॅमही असते, पण तिला एका बिटमागे सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, त्यामुळे ती प्रोसेसरमधल्या ‘कॅश’ या अगदी हाताशी असलेल्या छोट्याशा साठ्यापुरतीच परवडते.

कोरून ठेवणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. आयबीएमच्या १९५६ सालच्या रॅमॅक या संगणकाच्या डिस्क युनिटमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन सुमारे एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरं, म्हणजे आज मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढी. तबकड्या पुढे आकाराने लहान आणि क्षमतेने अफाट झाल्या, तरी फिरणं काही सुटलं नाही. रॅममधून माहिती आणायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच हिशेबाने हार्ड डिस्कला एक दिवसाहून जास्त लागेल.

हे फिरणं फ्लॅश मेमरीने थांबवलं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती मांडली. पेन ड्राइव्ह, मोबाइल, एसएसडी (बिनतबकड्यांची डिस्क) या सगळ्यांत तीच असते. चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. पुसताना मात्र एकेक कप्पा नाही, अख्खा ठोकळा एकदम; कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा लख्खकन, म्हणून हे नाव. पण इलेक्ट्रॉन आतबाहेर काढताना दर वेळी तो थर थोडा झिजतो. शिवाय वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशमधूनही भार हळूहळू निसटतो. म्हणून जपून ठेवायचे फोटो केवळ ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर सोडू नयेत.

उलट रॅम आपण समजतो तितकी विसरभोळी नसते. वीज बंद केल्यावरही तिच्यातला भार काही सेकंद रेंगाळतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ साली धूळ उडवायला वापरतात तो दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून चिप्सवर फवारा मारला. उणे ५० अंशांपर्यंत गार झालेल्या त्या चिप्स यंत्रातून काढल्यावरही काही मिनिटं जवळपास सगळं लक्षात ठेवून होत्या, अगदी माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्यांसकट.