हाताने रंगवलेली इजिप्तची देवळे: कोणाचा हात, कशावरून?

प्राचीन इजिप्तच्या देवळांची जी जुनी चित्रे आज हाताने रंगवून विकली जातात, त्यांतली बरीचशी एकाच प्रवासातून आलेली आहेत. डेव्हिड रॉबर्ट्स हा स्कॉटिश चित्रकार १८३८च्या सप्टेंबरात अलेक्झांड्रियाला उतरला आणि भाड्याची नाव करून नाईलवरून थेट अबू सिंबेलपर्यंत गेला. कर्नाक, एडफू, देंदेरा, फिले अशा ठिकाणी थांबून त्याने रेखाटने केली. त्याने उमेदीची वर्षे नाटकांचे पडदे रंगवण्यात घालवली होती आणि ते त्याच्या चित्रांत दिसते. खांब अंगावर येतात आणि पायथ्याशी बसलेली फेटेवाली माणसे मुठीएवढी वाटतात.

त्याआधी नेपोलियनच्या स्वारीबरोबर गेलेल्या फ्रेंच मंडळींनी देवळांची मापे घेऊन १८०९पासून मोठे ग्रंथ छापले होते. पण ते अभ्यासकांसाठी होते. रॉबर्ट्सच्या वेळेपर्यंत गिऱ्हाईक बदलले होते. १८३० मध्ये मुंबईहून सुएझला पहिली आगबोट गेली आणि हिंदुस्थानात ये-जा करणारे साहेबलोक इजिप्तमार्गे प्रवास करू लागले. वाटेत पाहिलेले घरी टांगायला हवे, अशी मागणी त्यातूनही वाढली.

रॉबर्ट्सच्या चित्रांचे खंड १८४२ ते १८४९ दरम्यान लंडनमध्ये निघाले. इजिप्त आणि नुबियाचे (म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्रदेशाचे) तीन खंड १८४६ पासूनचे. एकूण चित्रे जवळपास अडीचशे आणि सगळी शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून त्यावरून कागदावर छापलेली; आपल्याकडे जुनी पंचांगे ज्या तंत्राने छापत तीच पद्धत. ही चित्रे दगडावर उतरवणारा कारागीर बेल्जियममध्ये जन्मलेला होता. त्याचा उजवा हात जन्मतः अधू, त्यामुळे तेलकट खडूचे सारे काम डाव्या हाताचे. देवळाच्या भिंतीवरची मऊ सावली त्याची आहे, हे विसरता कामा नये.

आता मुख्य गुंता. ‘हाताने रंगवलेले’ हा एकच शब्द बाजारात निदान चार वेगळ्या वस्तूंना लावला जातो.

पहिली वस्तू म्हणजे त्याच काळात जलरंग भरलेला छाप. साध्या प्रतींत काळ्या रेषेखाली दुसऱ्या दगडाची फिकट पिवळसर छटा असे. महागड्या प्रती मात्र हाताने रंगवून, कापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिल्या जात, म्हणजे मूळ जलरंगचित्रच हातात घेतल्यासारखे वाटे. अशा कामाची त्या काळची रीत म्हणजे समोर नमुना प्रत ठेवायची आणि तीवरून एकामागून एक कागद रंगवायचे. दुसरी वस्तू फसवी आहे. छाप खरोखर १८४०च्या दशकातला, पण रंग विसाव्या शतकात भरलेला. साधा छाप स्वस्त जातो आणि रंगीत महाग, म्हणून खंड सोडवून सुटे कागद रंगवले गेले. तिसरी म्हणजे छापावरून किंवा छायाचित्रावरून कॅनव्हासवर केलेले तैलचित्र. चीनमधल्या शेनझेनजवळच्या डाफेन गावात १९८९ नंतर हा धंदा इतका वाढला की जगभरच्या हॉटेलांच्या भिंती तिथून भरल्या. चौथी म्हणजे मशीनवर छापलेला कॅनव्हास, ज्यावर ब्रशने पारदर्शक लेप फिरवून उंचवटे आणलेले असतात. हिला ‘हाताने रंगवलेली’ म्हणणे मला अजिबात मान्य नाही. त्यात हाताने रंग भरलेलाच नसतो.

ओळखायला भिंग पुरते. एका दुकानात ‘जुना रंगीत छाप’ म्हणून दाखवलेला एडफूचा कागद मी भिंगाखाली धरला, तर आकाशभर सारख्या अंतरावरचे ठिपके, म्हणजे सरळसरळ आधुनिक छपाई. खऱ्या शिळाछापात दगडाचा वेडावाकडा कण दिसतो आणि जलरंग कुठेतरी रेषेबाहेर ओघळलेला असतो. तैलचित्राची नक्कल मात्र मी कमी लेखत नाही. डाफेनमध्ये बसून दिवसाला कितीतरी खांब रंगवणारी माणसे आणि लंडनमध्ये नमुना पाहून रंग भरणारे कारागीर एकाच पंगतीतले. दोघांचीही नावे चित्रावर नाहीत आणि ती असायला हवी होती.

पण कोणत्या हाताने रंगवले यापेक्षा कशावरून रंगवले, हे जास्त महत्त्वाचे. फिलेच्या मोठ्या देवळाचा खांबांचा मंडप घ्या. फ्रेंच ग्रंथात त्याचे एक रंगीत चित्र आहे आणि ते कल्पनेने पूर्ण केलेले आहे. रंग कालच दिल्यासारखे, कुठे टवका नाही. रॉबर्ट्सच्या चित्रात तोच मंडप वापरून जुना झालेला. खांबांच्या शीर्षांवर निळा-हिरवा रंग अजून टिकलेला, पण खाली दगड उघडा पडत चाललेला. आज दोन्हींच्या नकला एकाच मथळ्याखाली विकल्या जातात आणि घेणाऱ्याला वाटते, ही दोन्ही चित्रे प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत.

हा फरक एरवी जाणकारांपुरता राहिला असता, पण १९०२ मध्ये आस्वानला धरण झाले. पुढे त्याची उंची दोनदा वाढवली. फिले वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली राहू लागले आणि भिंतींवरचे बहुतेक रंग धुऊन गेले. १९७०च्या दशकात देवळाचे दगड सुटे करून ते शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभे केले गेले. त्याआधी १९६४ ते १९६८ दरम्यान अबू सिंबेलही पाण्यापासून वाचवण्यासाठी कापून सुमारे ६५ मीटर वर नेले होते. दगड वाचले, फिलेचा रंग परत आणता आला नाही.

एडफूचे उलट झाले. रॉबर्ट्सने पाहिले तेव्हा ते खांबांच्या शीर्षांच्या जवळपास वाळूत बुडालेले होते. १८६०च्या दशकात ते मोकळे केले गेले. म्हणून रॉबर्ट्सच्या एडफूची आज केलेली हुबेहूब नक्कल आता न दिसणारी वाळू दाखवते, तर फिलेची नक्कल आता न दिसणारा रंग दाखवते. कॅनव्हासच्या मागे मूळ चित्राचे साल आणि नक्कल छापावरून केली की छायाचित्रावरून, एवढ्या दोन ओळी लिहिल्या तरी घेणाऱ्याला कळेल की त्या खांबांवरचा निळा कोणी पाहिलेला होता आणि कोणी कल्पिलेला.