सिनसिनॅटी परिसरातील ब्रॅकिओपॉड जीवाश्म

सिनसिनॅटी शहराभोवतीचा अमेरिकेच्या ओहायो राज्याचा नैर्ऋत्य कोपरा आणि त्याला लागून असलेला केंटकी व इंडियाना राज्यांचा भाग येथे उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडकाचे आणि पंकाश्माचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे) थर एकाआड एक आढळतात. हे थर उत्तर ऑर्डोव्हिसियन काळातले, म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांत ब्रॅकिओपॉड प्राण्यांच्या कवचांची इतकी गर्दी असते की चुनखडकाच्या काही लाद्यांत कवचांशिवाय दुसरे फारसे काही दिसत नाही. या काळातील खडकांना उत्तर अमेरिकेत 'सिनसिनॅटियन' म्हणतात.

ब्रॅकिओपॉड दिसतो शिंपल्यासारखा, पण तो मृदुकाय प्राण्यांपैकी नाही. शिंपल्याची दोन पुटे (कवचाची झाकणे) प्राण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला असतात, तर ब्रॅकिओपॉडची पाठीकडे आणि पोटाकडे. त्यामुळे त्याचे वरचे पुट खालच्यासारखे नसते. मात्र कोणतेही एक पुट चोचीपासून (बिजागरीजवळच्या टोकापासून) मधोमध विभागले तर दोन्ही अर्धे सारखे भरतात. हातात आलेला तुकडा ओळखायला बहुधा एवढी खूण पुरते. कवचाच्या आत लोफोफोर नावाचे केसाळ इंद्रिय असते. त्याने पाणी आत ओढून प्राणी त्यातले अन्नकण गाळून घेतो. बरेच प्रकार देठाने तळाला चिकटून राहत, काही नुसतेच चिखलावर पडून असत.

सिनसिनॅटीत ही कवचे शाबूत राहण्याचे एक कारण रासायनिक आहे. बहुतेक ब्रॅकिओपॉडांचे कवच कॅल्साइट या टिकाऊ खनिजाचे असते. शिंपल्यांच्या कवचातले अॅरॅगोनाइट हे खनिज लवकर विरघळते, म्हणून त्याच थरांत शिंपल्यांचे बहुधा आतले ठसेच उरतात. तेव्हा जीवाश्मांच्या संख्येवरून त्या समुद्रात कोण किती होते याचा हिशेब सरळ मांडता येत नाही.

त्या काळी हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उबदार उथळ समुद्राखाली होता. पूर्वेला टॅकोनिक पर्वत वर येत होते आणि त्यांची झीज होऊन चिखल इकडे वाहत येई. शांत काळात तो तळावर बसे आणि त्यावर ब्रॅकिओपॉड, ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे बारीक प्राणी) व समुद्रकमळे (तारामाशाच्या नात्यातले, फुलासारखे दिसणारे प्राणी) यांची वस्ती वाढे. वादळी लाटा तळ ढवळून काढत. बारीक चिखल पाण्याबरोबर निघून जाई, जड कवचे मागे साचत आणि वादळ ओसरल्यावर पुन्हा चिखलाचे पांघरूण पडे. काही थरांत राफिनेस्क्विना या ब्रॅकिओपॉडाची चपटी कवचे फडताळातल्या पुस्तकांसारखी कडेवर उभी आणि एकमेकांना टेकलेली सापडतात. लाटांचा जोर त्यांतून थेट वाचता येतो. तरीही एक लादी म्हणजे एक वादळ असे समजू नये. अनेक थर पुन्हा पुन्हा ढवळले गेले आहेत, आणि चिखलाचा पुरवठा मंदावल्यानेही कवचांची दाटी झाली आहे. जागेवरचा थर न नोंदता उचललेले सुंदर कवच अभ्यासाच्या दृष्टीने निम्मे वाया गेलेले असते.

राफिनेस्क्विना हा येथील सर्वांत ओळखीचा प्रकार. त्याचे एक पुट फुगीर आणि दुसरे आत वळलेले असते. जिवंतपणी फुगीर बाजू वर असे की खाली, हा वाद जुना आहे. त्याच्या कवचावर ब्रायोझोआ आणि तबकडीसारखे एड्रिओअॅस्टेरॉइड (तारामाशाचे दूरचे नातलग) चिकटलेले आढळतात, कारण मऊ चिखलात टेकायला कठीण जागा म्हणजे हीच कवचे. व्हिनलँडोस्ट्रोफिया (जुन्या पुस्तकांत प्लॅटिस्ट्रोफिया) याच्या कवचावर ठळक पन्हाळी असतात. त्यातली पाँडेरोसा ही जाती भरीव आणि वजनदार आहे. झायगोस्पायरा जेमतेम वाटाण्याएवढा असतो. हेबर्टेला आणि स्ट्रोफोमेना हेही सहज मिळतात.

वरच्या, म्हणजे नंतर साचलेल्या, रिचमंडियन नावाच्या थरांत वस्ती बदलते. बाहेरच्या समुद्रांतून नव्या जाती येथे शिरल्या आणि काही स्थानिक जाती मागे पडल्या. गोलसर, नागमोडी वाढरेषांचा हिस्कोबेकस हा त्या पाहुण्यांपैकी एक. ऑर्डोव्हिसियनअखेरच्या महाविनाशाची नोंद मात्र येथे सलग मिळत नाही, कारण त्या वेळी समुद्र मागे हटला आणि वरचे थर झिजून गेले.

हे थर जवळजवळ आडवे असल्याने नदीकाठी आणि रस्त्यांसाठी कापलेल्या कडांवर ते सहज पाहता येतात. त्यामुळेच एकोणिसाव्या शतकात येथे हौशी संग्राहकांची परंपरा उभी राहिली आणि तिच्यातून नामवंत पुराजीवशास्त्रज्ञ घडले. चार्ल्स शुकर्ट (जन्म १८५८) घरच्या फर्निचरच्या धंद्यात असताना ब्रॅकिओपॉड गोळा करत. पुढे ते न्यूयॉर्कचे पुराजीवशास्त्रज्ञ जेम्स हॉल यांचे साहाय्यक आणि नंतर येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. एडवर्ड ऑस्कर उलरिच हेही याच वातावरणातले. १९४२ मध्ये स्थापन झालेली 'ड्राय ड्रेजर्स' ही हौशी मंडळींची संस्था ती परंपरा पुढे चालवते.

केंटकीने १९८६ मध्ये ब्रॅकिओपॉडला राज्य-जीवाश्माचा मान दिला; विशिष्ट जाती मात्र ठरवली नाही. ओहायोतील सीझर क्रीक धरणाच्या सांडव्यात परवाना घेऊन जीवाश्म वेचता येतात. तेथे हातोडा-छिन्नीला मनाई आहे, तळहातावर मावेल त्याहून मोठा नमुना नेता येत नाही आणि वेचलेले विकायचे नसते.